पाण्यात उतरणाऱ्या मूर्खांची लक्षणे

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिल्या समासात मूर्खाची लक्षणे सांगितली आणि दहाव्या समासात पढतमूर्खाची. पहिल्याला कळत नाही, दुसऱ्याला कळते पण वळत नाही. ठाण्यापासून कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात मूर्खांची एक तिसरी जात आढळते. तिची लक्षणे अजून कुणी लिहून ठेवलेली नाहीत. ही माणसे पाण्यावर पीएच.डी. करतात आणि त्यासाठी खरोखर पाण्यात उतरतात. त्यांना मूर्ख हे नाव मी दिलेले नाही. ते घरच्यांनी, सासरच्यांनी, स्टाफरूममधल्या सहकाऱ्यांनी आणि कधीकधी खुद्द गाईडने दिलेले असते. मी ते नाव आहे तसे घेऊन त्यांची स्तुती करणार आहे, आणि त्यातला प्रत्येक शब्द मनापासून आहे.

शहाण्याचा मार्ग सरळ असतो. विद्यापीठाची प्रवेशाची पेट परीक्षा द्यायची, कोर्सवर्क उरकायचे, मासुंदा, कचराळी, उपवन यांपैकी एखादा तलाव निवडायचा. महिन्यातून एकदा काठावरून बाटली बुडवायची. पीएच, क्षारता, कठीणपणा, नायट्रेट, फॉस्फेट मोजायचे, तक्ते करायचे, चार ऋतूंचे आलेख काढायचे. शेवटच्या प्रकरणात पाणी प्रदूषित आहे आणि लोकजागृतीची गरज आहे, असे लिहायचे. यात नियमाविरुद्ध काहीही नाही. पदवी मिळते, बढती मिळते, पेढे वाटले जातात. तलावाला मात्र काहीच मिळत नाही. मासुंद्याचे पाणी कसे आहे, हे तलावपाळीवर संध्याकाळी फिरायला येणाऱ्या आजोबांना प्रबंध न वाचताही ठाऊक असते. घाण नेमकी कुठून येते, दिवसाच्या कोणत्या वेळी येते, कोणता नाला अडवला तर किती फरक पडेल, हे त्यांना ठाऊक नसते. महापालिकेच्या अभियंत्यालाही बहुधा ठाऊक नसते. ते शोधायला वेळ लागतो, आणि शहाण्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो.

मूर्खाकडे असतो. त्याला कामावर पाहायचे तर वालधुनीच्या काठावर जावे. अंबरनाथच्या डोंगरांतून निघून ही नदी तिथल्या शिवमंदिराला लागून वाहते. मंदिर 1060 सालचे, शिलाहारांच्या काळातले. पुढे ती उल्हासनगरातून कल्याणला येते आणि उल्हास नदीच्या खाडीला मिळते. सगळी लांबी तीसेक किलोमीटर. नमुना घ्यायला आलेली मुलगी 300 मिलिलीटरची काचेची बाटली पाण्याखाली तिरकी धरते आणि बुडबुडा आत राहणार नाही अशी सावकाश भरते. मग काठावरच, उकिडवे बसून, पिपेटने आधी मँगनीज सल्फेट आणि मग अल्कली आयोडाइड बाटलीत तळाशी सोडते, बूच लावते आणि बाटली उलटसुलट करते. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर साका पांढराच राहतो. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत थांबले तर वाटेत जंतू प्राणवायू खातील किंवा हवेतून तो पाण्यात शिरेल, आणि मग मोजलेला आकडा नदीचा राहणार नाही. म्हणून हे काम उन्हात, दुर्गंधीत, बघ्यांच्या घोळक्यात, तिथल्या तिथे करावे लागते. बघ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, की तुम्ही पालिकेच्या का? नाही म्हटल्यावर दुसराही ठरलेला असतो, की मग कशाला?

पांढरा साका तीन महिने पाहिला तर कुणीही म्हणेल की ही नदी मेली, दुसरी धर. मूर्ख दुसरी धरत नाही. पावसाळ्यात साका तपकिरी होतो का, कोणत्या पुलाखाली होतो, पाऊस थांबल्यावर किती दिवस टिकतो, हे ती वहीत लिहीत राहते. मेलेली म्हणून सोडून दिलेली नदी वर्षातले काही दिवस श्वास घेते, आणि कुठे घेते, हे कळणे म्हणजे तिला वाचवण्याची जागा कळणे. माझ्या मते जलसंशोधनातली सगळी विद्वत्ता या हट्टाच्या पुढची पायरी आहे.

यानंतर तो नमुना बर्फाच्या डब्यात घालून लोकलच्या मालडब्यातून न्यायचा असतो. जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे बीओडी, मोजायची तर आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे बाटल्या 27 अंशांवर तीन दिवस ठेवाव्या लागतात. शुक्रवारी लावलेली चाचणी सोमवारी वाचायची. वीज गेली, इन्क्युबेटर बंद पडला, तर ती सगळी खेप वाया. शहाणा अशा वेळी मागच्या महिन्याच्या आकड्याकडे पाहतो आणि जवळपासचा आकडा लिहून मोकळा होतो. मूर्ख तिथे रेघ मारतो आणि पुन्हा नदीवर जातो. प्रबंधाच्या तक्त्यातली ती मोकळी चौकट मला सर्वांत मोलाची वाटते. बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला ती जागा करून देते.

खाडीवर काम करणाऱ्यांचा मूर्खपणा आणखी पुढचा आहे. कल्याणला दुर्गाडी किल्ल्यापाशी पाणी भरती-ओहोटीचे. भरती रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहाला नमुना घेणारा शिस्तीचा विद्यार्थी एकदा भरतीचे पाणी नेतो, एकदा ओहोटीचे. वर्षाअखेर आलेखात जो चढउतार दिसतो तो प्रदूषणाचा समजून त्याची कारणमीमांसा लिहितो. ज्याला कोळीवाड्यात जाऊन विचारायची लाज वाटत नाही, त्याच्याकडून ही चूक होत नाही. उधाण, म्हणजे मोठी भरती, कधी आणि भांग, म्हणजे छोटी, कधी, हे कोळी माणूस तिथीवरून सांगतो. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाणाची भरती येते, आणि त्या तिथीला ती साधारण त्याच वेळेला येते. नमुन्याचे वेळापत्रक कॅलेंडरच्या तारखेवर न लावता तिथीवर लावले की एका महिन्याचा आकडा दुसऱ्या महिन्याशी ताडून पाहता येतो. पंचांग घेऊन खाडीवर जाणारा विज्ञानाचा विद्यार्थी चारचौघांत हास्यास्पद दिसतो खरा. पण त्याचा आलेख खरा असतो.

हा मूर्खपणा जोपासणारी माणसे ठाण्यात झाली आहेत. 1980च्या दशकात आर. पी. आठल्ये यांनी ठाणे खाडीच्या जलजीवशास्त्रावर मुंबई विद्यापीठात पीएच.डी. केली. चिखलात उड्या मारणाऱ्या निवटी माशापासून तळच्या गाळापर्यंत खाडीचा अभ्यास त्यांनी आणि सहकाऱ्यांनी केला. चेंदणी बंदरालगतच्या बांदोडकर महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या पुढच्या पिढ्या त्याच खाडीवर काम करत राहिल्या. खाडी गाळाने भरत गेली, मासे घटत गेले, याच्या नोंदी राहिल्या त्या अशा चिवट कामामुळे. 2015 साली खाडीचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 साली रामसर यादीत गेला. तोवर पाहुण्या पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांची गर्दी झाली होती. चिखलात गुडघाभर रुतून गाळ उपसणारे त्याआधीपासून तिथेच होते.

आता या मूर्खांचा सर्वांत मोठा दोष सांगतो, कारण त्यासाठीच मला त्यांचे सर्वाधिक कौतुक वाटते. ते आपल्या विषयात राहत नाहीत. कल्याणजवळ मोहने येथे उल्हासचे पाणी तपासणारा रसायनशास्त्राचा विद्यार्थी घ्या. मे महिन्यात एका दिवशी पाणी स्वच्छ, दुसऱ्या दिवशी गढूळ, आणि पाऊस तर नाहीच. शहाणा याला नमुन्यातली चूक म्हणतो. मूर्ख नदीच्या वरच्या अंगाला चालत जातो, कर्जत तालुक्यात शिरतो आणि भिवपुरीला पोचतो. तिथे टाटांचे 1922 पासूनचे जलविद्युत केंद्र आहे. ठोकरवाडी धरणातले पाणी घाटावरून खाली येते, वीज करते आणि उल्हासला मिळते. ते धरण आंद्रा नदीवर, आंद्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला. म्हणजे उन्हाळ्यात कल्याणकर जे पाणी पितात त्यात बंगालच्या उपसागराकडे जाणाऱ्या भीमेच्या खोऱ्यातले पाणी असते, आणि वीजघर कधी चालते यावर इथल्या नदीचा उन्हाळी प्रवाह हलतो. मोहन्यापाशी पाण्याचा गुण का बदलला, याचे उत्तर रसायनशास्त्राच्या विभागात नाही. ते वीजघराच्या वेळापत्रकात आहे, पाणीवाटपाच्या करारांत आहे, बारवी धरणाच्या साठ्यात आहे, आणि वरच्या अंगाच्या गावांच्या सांडपाण्यात आहे.

हे सगळे एका प्रबंधात आणायचे तर रसायनशास्त्राचा गाईड म्हणतो की हा भूगोल झाला. भूगोलाचा म्हणतो अर्थशास्त्र झाले. अर्थशास्त्राचा म्हणतो की सिव्हिलला जा. आपल्याकडे पाण्यावरच्या पीएच.डी.चे खरे दुखणे हे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. नदी एक आणि विभाग सात. विद्यार्थ्याला त्यातल्या एकाच खोलीत पाच वर्षे बसवायचे आणि नदी समजली म्हणून पदवी द्यायची.

व्हिएन्नाच्या तंत्र विद्यापीठाने यावर केलेला उपाय पाहण्याजोगा आहे. 2009 साली तिथे जलसंपत्ती व्यवस्थेवरचा डॉक्टरेट कार्यक्रम सुरू झाला. जलशास्त्र, जलगुणवत्ता, सूक्ष्मजीवशास्त्र, सामाजिक अंग अशा निरनिराळ्या वाटांनी आलेली मुले एकत्र बसवली, एकेका विद्यार्थ्याला वेगवेगळ्या शाखांचे मार्गदर्शक दिले. पेट्झेनकिर्शन गावाजवळचे अवघे 66 हेक्टरांचे पाणलोट त्यांनी उघडी प्रयोगशाळा म्हणून निवडले आणि पाऊस, झरे, ओढा, भूजल सगळे एकाच ठिकाणी मोजत राहिले. त्या कार्यक्रमामागचे प्रमुख नाव ग्युंटर ब्लोश्ल यांचे. त्यांना 2025 चा स्टॉकहोम जलपुरस्कार मिळाला. 66 हेक्टरांच्या ओढ्यावर सगळ्या विभागांनी मिळून डोके लावणे हे आपल्या अनेक प्राध्यापकांना पोरखेळ वाटेल. आपल्याकडे अख्खी वालधुनी पडली आहे. उगमाजवळ डोंगराचे पाणी, मग एमआयडीसी, मग मंदिर, मग दाट वस्ती, मग रेल्वेमार्ग, मग खाडीची भरती. जगातल्या कुठल्याही जलविद्यापीठाला हवीशी वाटेल अशी प्रयोगशाळा स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

आपल्याकडेही खोलीबाहेर पडण्याचे प्रयोग झाले आहेत. आयआयटी मुंबईच्या सितारा केंद्रात मिलिंद सोहोनी आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना कर्जत आणि जुन्या ठाणे जिल्ह्याच्या पाड्यांवर पाठवले, नळयोजना का बंद पडतात ते तिथे राहून पाहायला लावले. आयआयटीत येऊन विद्यार्थी टाकीचा व्हॉल्व्ह कोण उघडतो आणि ग्रामपंचायतीचे वीजबिल कोण भरतो ते विचारत फिरतो, हे अनेक पालकांना पटत नाही. पण भातसा, तानसा, वैतरणा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्या तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. हे कोडे व्हॉल्व्ह आणि वीजबिलापर्यंत न जाता सुटणारे नाही.

आता गाईडविषयी. विद्यार्थी मूर्ख असून भागत नाही, गाईडही तसाच लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीसमोर कामाचा आढावा द्यायचा असतो. दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक घेण्याची मुभा आहे. प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती याच नियमांनी काढून टाकली. नियम एवढे हात देतात. शहाणा गाईड या सगळ्याचा उपयोग आठ जागा भरण्यापुरता करतो. विद्यार्थी त्याला सत्रातून एकदा, समितीच्या दिवशी भेटतो, प्रगती समाधानकारक असल्याची सही होते आणि चहा होतो.

मूर्ख गाईड आठ जागा मोकळ्या असताना दोनच मुले घेतो. जूनच्या पहिल्या पुरात त्यांच्याबरोबर नदीवर जातो, कारण वर्षभराचा साचलेला मैला पहिल्या पाण्यात कसा वाहून येतो हे पुस्तकातून शिकवता येत नाही. तो विद्यार्थ्याची नोंदवही मागतो, टंकलेखन केलेला तक्ता नव्हे, मूळची ओली, डाग पडलेली वही. एखादा आकडा फार सुबक दिसला की विचारतो, हा कसा आला? ज्या निबंधात आपण काही केलेले नाही त्यावर नाव लावू देत नाही. स्वतःला येत नाही ते मोकळेपणाने सांगतो आणि विद्यार्थ्याला दुसऱ्या कॉलेजमधल्या माणसाकडे पाठवतो. यातली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. आपल्या विद्यार्थ्यासमोर मला हे येत नाही म्हणणारा गाईड मिळाला, तर त्या विद्यार्थ्याने त्याला सोडू नये.

इथे पैशाची गोष्ट यायलाच हवी. 2023 च्या हिवाळी अधिवेशनात, राज्य शासनाच्या सारथी संस्थेच्या अधिछात्रवृत्तीची चर्चा निघाली तेव्हा, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी ही मुले पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असे विचारले. विधानावर मोठा गदारोळ झाला. मला त्या प्रश्नाचे उत्तर द्यावेसे वाटते, कारण पाण्याच्या बाबतीत ते देता येते. नोव्हेंबर 2014 च्या अखेरीस उल्हासनगरात वालधुनीला मिळणाऱ्या पाण्यात टँकरने रसायन ओतले गेले, आणि वायूची बाधा होऊन शेकडो माणसे रुग्णालयात गेली. त्याच वर्षी जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला होता. फेब्रुवारी 2020 मध्ये डोंबिवलीचा रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्री पाहायला आले. प्रत्येक वेळी प्रश्न एकच येतो, की आधी इथे काय होते आणि आता काय वाढले? आदल्या दिवसाची मोजणी नसेल तर दुसऱ्या दिवशी कुणालाही जबाबदार धरता येत नाही. वनशक्ती संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली आणि 2015 मध्ये लवादाने प्रदूषण करणाऱ्यांना आणि स्थानिक संस्थांना कोट्यवधी रुपये भरायला सांगितले, तेव्हा कोर्टात उभे राहायला आकडेच लागले. आकडे कुणीतरी काहीही घडत नसताना, कुणीही विचारत नसताना, महिन्यामागून महिने मोजलेले असावे लागतात. पीएच.डी. करणाऱ्या मूर्खांचा दिवा तो हा.

तो दिवा लावायला तेल लागते. जेआरएफ मिळालेल्याला 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात. पण बार्टी, सारथी, महाज्योतीच्या विद्यार्थ्यांना हक्काच्या पैशांसाठी आंदोलनाला बसावे लागले आहे, आणि ठाणे-कल्याणच्या कॉलेजांत शिकवता शिकवता पीएच.डी. करणाऱ्या बहुतेकांना यातले काहीच मिळत नाही. त्यांची अभिक्रियाद्रव्ये, बर्फ, रिक्षा, नावेचे भाडे सगळे पगारातून जाते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याचा तर पगारही वर्षभर नसतो. पाण्यावरच्या संशोधनाची गुणवत्ता सुधारायची भाषा करणाऱ्याने आधी हा हिशेब मांडावा. तीन दिवसांची चाचणी पुन्हा लावायला पैसे नसतात, म्हणून जवळपासचा आकडा लिहिला जातो. त्या खोटेपणाची लाज विद्यार्थ्यापेक्षा संस्थेने अधिक वाटून घ्यायला हवी.

प्रबंध पूर्ण होतो, ओपन डिफेन्स होतो, आणि प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर जातो. कुणीही तो तिथे फुकट वाचू शकतो. उल्हास, ठाणे खाडी, ठाण्याचे तलाव यांवरचे प्रबंध तिथे आहेत. पण ते बहुतेक इंग्रजीत आहेत, मूळ नोंदी त्यांत सहसा नसतात, आणि ज्या कोळ्याने तिथी सांगितली, ज्या पंपचालकाने व्हॉल्व्ह दाखवला, त्याच्यापर्यंत त्यातले एक पानही पोचत नाही. इथे मूर्ख शेवटचा मूर्खपणा करतो. पदवी हातात आल्यावर, जेव्हा त्याला करायचे काहीच उरलेले नसते, तेव्हा तो सगळ्या नोंदी नीट लावून दुसऱ्याला देऊन टाकतो, आणि दहा पाने मराठीत लिहून पालिकेच्या जलअभियंत्याला, मच्छीमार सोसायटीला आणि गावच्या शाळेला नेऊन देतो.

तेव्हा या पट्ट्यातल्या गाईड मंडळींना माझी विनंती आहे. पुढच्या सत्राची आढावा बैठक एसीच्या खोलीत घेऊ नका. अंबरनाथच्या शिवमंदिरामागे वालधुनीच्या काठावर घ्या, शेजारच्या विभागातल्या एका सहकाऱ्याला बोलवा आणि विद्यार्थ्याला बाटली भरून दाखवायला सांगा. विद्यापीठांनी मूळ नोंदी आणि मराठी सारांश जमा केल्याखेरीज पदवीचे नोटिफिकेशन काढू नये. आणि वाचकहो, तुमच्या घरच्या नळाला उल्हासचे पाणी येत असेल, तर पुलावरून जाताना खाली बाटली धरून बसलेली मुलगी दिसेल तेव्हा तिला कशाला म्हणून विचारू नका. घरी पाणी कधी येते, कधी गढूळ येते, कधी वास येतो ते तिला सांगा. तिच्या वहीत ते लिहायला जागा असते.